आकड्याला एकटं पाठवू नकोस गं

सावद्याहून तुझा फोन आला तेव्हा आवाज पार उतरला होता तुझा. चिनावल, खिरोदा, निंभोरा करत बारा गावं पालथी घातलीस, २४० घरांची मिळकत लिहून आणलीस, आणि सरांनी एवढंच विचारलं, "मिळकतीच्या विषमतेचा गिनी निर्देशांक ०.४६ आला, पण तो किती खात्रीचा?" त्यावर रडायचं नाही, बघ. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर तुझ्याच वह्यांत आहे.

दुसरी २४० घरं हाती लागली असती तर गिनी ०.४२ आला असता, नाहीतर ०.५१. ही तुझी चूक नव्हे गं, नमुना म्हटला की हे आलंच. हा हेलकावा केवढा, एवढंच सांगायचंय. त्यासाठी पुन्हा उन्हात हिंडायला नको. स्टीलचा डबा घे, बारा गावांच्या चिठ्ठ्या टाक. एक काढ, नाव लिहून घे, चिठ्ठी परत टाक, डबा हलव. असं बारा वेळा. चिनावल तीनदा येईल, विवरे येणारच नाही, येऊ दे तसं. निघालेल्या गावांची सगळी घरं त्यांच्या नमुना-भारांसकट (वेट्स) घे आणि गिनी काढ. हेच कॉम्प्युटरकडून हजारदा करून घे. ते हजार गिनी चढत्या क्रमाने लाव, खालचे २५ आणि वरचे २५ सोड. उरलेल्यांची दोन टोकं म्हणजे तुझी ९५ टक्क्यांची मर्यादा. ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही बूटस्ट्रॅपची रीत. आपले प्रशांतचंद्र महालनोबिस तर त्याच्या कितीतरी आधी एकाच पाहणीचे स्वतंत्र उपनमुने करून त्यांच्या उत्तरांतलं अंतर तपासायचे.

खरं सांगू का, चिठ्ठ्या घरांच्या करू नकोस. माझ्या प्रबंधात मी तेच केलं होतं. मर्यादा अगदी अरुंद आली, मी खूश झाले, आणि तोंडी परीक्षेतल्या एका प्रश्नाने अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पाण्यात शिजलेली असतात. एका गावातली घरंही तशीच. पाणी तेच, केळीचा भाव तोच, झोडपणारं वादळही तेच. तिथली वीस घरं म्हणजे वीस वेगळ्या साक्षी नव्हेत. पुढच्या वेळी गावं जास्त घे आणि गावातली घरं कमी.

आणि तुझ्या नमुन्यातलं ते पन्नास एकर केळीचं घर? एकट्याने गिनी वर ओढतं म्हणून घाबरून वगळू नकोस. त्याच्यासह आणि त्याच्याविना, दोन्ही आकडे दे. त्याहून मोठं एखादं घर नमुन्यात आलंच नसेल तर ते चिठ्ठीतून कुठून निघणार? तेवढी कबुली प्रबंधात दे.

अजून एक. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत २,६१,७४६ घरं होती. तिचा ग्रामीण गिनी ०.२६६, पुढच्या वर्षीचा ०.२३७. ते आकडे खर्चाचे आहेत बाई, तुझे मिळकतीचे. खर्चातली विषमता सहसा कमीच दिसते, तेव्हा दोन्ही शेजारी मांडून धास्तावू नकोस.

आज जेवणं आटोपली की पहिला फेरा हातानेच कर, आणि गिनी किती आला ते मला कळव.