पुरवून पुरवून खाल्लेली गोळी

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो आहे. मिळकत घटली, खर्च तेवढेच आहेत. अशा दिवसांत तब्येत कशी सांभाळायची आणि मन कसं टिकवायचं? विचारणाऱ्यांत छोटे दुकानदार आहेत, कंत्राटी शिक्षक आहेत, पण सगळ्यांत जास्त पत्रं आमच्या इचलकरंजी भागातल्या, यंत्रमागावर पोट असलेल्या घरांतली आहेत. सुताचा भाव आणि कापडाचा भाव यांचा मेळ बसेनासा झाला की माग बंद राहतात, शिफ्ट कमी होतात, आणि आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला पुढच्या बाजारापलीकडचं काही दिसेनासं होतं. त्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून आज लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. सगळ्यांनी मिळून केलेली काटकसर सहसा अंगावर येत नाही. लपवलेली काटकसर येते. घरातलं एकच माणूस कुणाला न सांगता स्वतःच्या जेवणात, औषधात आणि झोपेत कपात करत राहतं, आणि बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे घरातली बाई असते.

कांडी भरायच्या कामाला जाणाऱ्या एक मावशी परवा माझ्या दवाखान्यात तपासायला आल्या. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. महिन्याच्या गोळ्या, महिना उलटून गेलेला, आणि निम्म्या अजून शिल्लक. पाकिटाच्या मागे पेनानं बारीक फुल्या केलेल्या होत्या, एक घर सोडून एक. "पुरवून पुरवून खाते, मॅडम. एक दिवसाआड. डोकं दुखलं तर मग रोज." रक्तदाब १८०/११० निघाला आणि हिमोग्लोबिन ८. जेवणाचं विचारलं तर म्हणाल्या, "पोरांचं आणि ह्यांचं झालं की राहील ते. हल्ली भूकच नसते." शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्यानं ते पाकीट हातात घेऊन कितीतरी वेळ उलटसुलट पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "मला बोलली असतीस तर."

रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची मोठी अडचण. डोकं दुखेल तेव्हा गोळी, हा हिशेब रक्तदाबाला लागू पडत नाही. रोजची गोळी मेंदूतली, हृदयातली आणि मूत्रपिंडातली रक्तवाहिनी सांभाळत असते. ती एक दिवसाआड घेतली तर पैसे वाचल्यासारखे वाटतात, आणि मग एका सकाळी हात उचलत नाही, तोंड वाकडं होतं आणि घर वर्षभरासाठी कर्जात जातं. मधुमेहाच्या, थायरॉइडच्या, फिटच्या गोळ्यांचंही तसंच आहे. फिटची गोळी तर अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं.

तेव्हा परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं तोंडावर सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. "याच औषधाची स्वस्तातली जेनेरिक गोळी लिहून द्या," एवढं एक वाक्य पुरतं. पाकिटावर कंपनीच्या ठसठशीत नावाखाली औषधाचं खरं नाव बारीक अक्षरांत असतं; तेच औषध जनऔषधी केंद्रात बरंच कमी किमतीत मिळतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात आणि नेहमीच्या गोळ्याही देतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. मोठं आजारपण आलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. आधार कार्ड आणि रेशन कार्ड घरात एका पिशवीत एकत्र ठेवा. रात्री-अपरात्री रुग्ण हलवताना कागद शोधण्यात वेळ जातो, हे मी नेहमी पाहते.

आता पैसे वाचवायचे कुठे, तेही सांगते. अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे फार सवय आहे. साखरेच्या पाण्याच्या, म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या, ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. चहाचे पाच चमचे. एका भाकरीइतकीसुद्धा ताकद तिच्यातून मिळत नाही. ज्याला तोंडानं खाता-पिता येतं, उलट्या थांबलेल्या आहेत, त्यानं केवळ थकवा आहे म्हणून सलाईनवर पैसे घालवू नयेत. भुकेसाठी टॉनिक आणि मुलांच्या उंचीसाठी डब्यातली पावडर, या खर्चांनाही खुशाल कात्री लावा.

स्वस्त उपाय म्हणजे हलका उपाय, असं मात्र मनात आणू नका. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती आणि सलाईन पुरत नव्हतं. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांच्याच हातानं ते रुग्णांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. जुलाब लागले तर तसंच पाणी आजही घरी करता येतं: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नका, विशेषतः मिठाचं.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हात आखडला की पहिली कुऱ्हाड तिथेच पडते. बहुतेक घरांत आधी डाळ पातळ होते. मग दूध फक्त चहापुरतं उरतं, आणि संध्याकाळची भूक चहा-बिस्किटावर मारली जाते. बिस्किटाच्या स्वस्त पुड्यात मैदा, साखर आणि पामतेल याखेरीज फारसं काही नसतं. त्याच पैशांत मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा येतो. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, तूरडाळीत २२ च्या आसपास, सोयाबीनच्या वड्यांत ५० च्या घरात. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन्ही वेळची भाकरी, घट्ट आमटी किंवा झुणका, शेंगदाण्याची चटणी, मोडाची मटकी आणि आठवड्यातून दोन-तीनदा सोयाच्या वड्या किंवा अंडी, एवढ्यात ती गरज भागत येते. हुलग्याचं माडगं तर आपल्या आज्यांनी अडचणीच्या दिवसांत घरंच्या घरं जगवलेलं अन्न आहे. भाकरी आणि डाळ एकत्र खाण्यामागे शास्त्रही आहे: धान्यात जे प्रथिनांचे घटक कमी असतात ते डाळीत असतात, आणि डाळीतली उणीव धान्य भरून काढतं. कडधान्य रात्री भिजत घातलं तर गॅसही वाचतो.

पालेभाजी बाजार उठताना घ्या, स्वस्त मिळते. दारात शेवगा असेल तर शेंगांइतकाच त्याचा पालाही खायचा असतो. पाल्यातलं लोह शरीर थोडंच शोषून घेतं. जेवताना लिंबू पिळलं तर ते वाढतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. या बदलाला एक पैसाही लागत नाही. हिमोग्लोबिन ८ झालेलं असेल तर मात्र नुसत्या भाजीनं भागत नाही. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात, आणि त्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

अन्नाला मी औषधाइतकं महत्त्व देते, त्याला पुरावा आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दर महिन्याला धान्य आणि डाळ पुरवून पाहिली गेली. त्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. कोंदट खोल्या, कापसाची धूळ आणि रात्रपाळी असलेल्या आमच्या गावासाठी याचा अर्थ सरळ आहे. डाळीचा डबा रिकामा होऊ देऊ नका. प्राधान्य कुटुंबाच्या रेशन कार्डावर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं. ते उचलायला कमीपणा वाटणारी घरं मला माहीत आहेत. ते धान्य तुमच्या हक्काचं आहे. ते घ्या आणि वाचलेला पैसा डाळीकडे वळवा.

आणि वाढताना सगळ्यांची ताटं एकदम वाढा. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आई शेवटी जेवते तेव्हा आमटीच्या भांड्यात पाणीच उरलेलं असतं, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. ही रीत मोडायला सरकारी योजना लागत नाही. नवऱ्यानं किंवा मोठ्या मुलानं "तू बस, मी वाढतो" म्हटलं की झालं.

मनाकडे वळते. "आनंदी राहा" हा सल्ला मी कुणाला देत नाही. ज्याच्या घरात हप्त्यासाठी फोन वाजतो आहे त्याला तो बोचतो. पण मन उभारी धरतं कशानं, हे मला थोडंफार दिसलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका घरात वडिलांचं काम सुटलं तेव्हा त्यांनी दर पगाराच्या संध्याकाळी सगळ्यांना सतरंजीवर बसवायला सुरुवात केली. आईच्या धुणीभांड्याचे पैसे आणि वडिलांची मिळेल ती मजुरी मध्ये ठेवायची. आठवीतली मुलगी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर खर्च लिहायची: भाडं, वीजबिल, आजीच्या गोळ्या, डाळ. आजीच्या गोळ्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, ती ओळ कधी खोडायची नाही, असं पोरांनीच ठरवलं. धाकट्यानं एका आठवड्यात "वाढदिवस – शिरा" असं लिहायला लावलं आणि शिरा झालासुद्धा. त्या घरात पैसा वाढला नव्हता. वडिलांची झोप मात्र परतली, कारण रात्रभर एकट्यानं करायचा हिशेब आता सगळ्यांचा झाला होता.

पैसा कमी झाला की माणूस आधी चारचौघांत जाणं सोडतो. आहेराला काही नाही म्हणून लग्नाला जात नाही, वर्गणी दिली नाही म्हणून तालमीत जात नाही, भजनाला बसत नाही. ही काटकसर सगळ्यांत महागात पडते. रिकाम्या हातानं जा, पण जा. मन लागेल तेव्हा बाहेर पडू, असं म्हणत बसलं तर मन लागतच नाही. आधी पाय निघतात, मन मागून येतं. खिन्नतेच्या उपचारातलं हे तपासून पाहिलेलं तत्त्व आहे. काम नसलं तरी रोज ठरल्या वेळी उठा, सकाळच्या उन्हात अर्धा तास चाला, दुपारची झोप लांबवू नका. आणि चिंता विसरायला दारू जवळ करू नका. ती झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीची उदासी वाढवते.

काही खुणांकडे मात्र दुर्लक्ष नको. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, माणूस "माझं तुम्हाला ओझंच झालंय" असं बोलू लागला, उधारी फेडून निरोपाचं बोलू लागला, तर ते स्वभावावर ढकलू नका. त्याला सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका. शेती असलेल्या घरांनी फवारणीचं औषध घरात न ठेवता दुसरीकडे कुलपात ठेवावं. त्या एका घटकेत ते हाताशी नसलं तर जीव वाचतो.

तुमच्या गल्लीत माग बंद असलेलं, कुणाशी बोलेनासं झालेलं एखादं घर असेल तर आज संध्याकाळी तिथे जाऊन या आणि टेलिमानसचा नंबर कागदावर लिहून द्या: १४४१६. तो २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.