पावती आणि पत्रिका : काही शब्दांचा इतिहास

संस्था पैशावर चालते आणि पैसा माणसे जमल्यावर जमतो. त्यामुळे पावतीपुस्तक व निमंत्रणपत्रिका हे कोणत्याही संस्थेचे महत्त्वाचे दस्तऐवज होत. त्यांवर छापलेला शब्द देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाते ठरवीत असतो. आपल्या वसतिगृहाच्या नव्या इमारतीसाठी माजी विद्यार्थी एक कार्यक्रम योजीत आहेत. त्याच्या पत्रिकेच्या मसुद्यात ‘गरीब व निराधार मुलांसाठी भव्य चॅरिटी शो’ असे शब्द आले आहेत. हेतूविषयी शंका नाही. शब्दांविषयी मात्र बोलले पाहिजे, कारण ही पत्रिका फलकावर लागेल तेव्हा ती सर्वांत आधी वाचतील ती वसतिगृहातील मुलेच.

देण्याघेण्याच्या शब्दांतील ‘दक्षिणा’ हा शब्द प्रथम बाजूला काढू. दक्षिणा कोणाला मिळायची हे जन्माने ठरलेले असे. पेशवाईत पुण्याच्या रमण्यात ती वाटली जाई. इंग्रजी अमलात त्याच पैशातून १८२१ साली पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढे ग्रंथांना बक्षिसे देण्याची व्यवस्था झाली. पैशाचा उपयोग बदलला, नाव मात्र दक्षिणाच राहिले. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले व ते नाकारले गेले. जुने नाव धारण करणाऱ्या निधीला जुन्या सवयीही चिकटून राहतात, असे या प्रसंगावरून मला वाटते.

‘दान’ या शब्दाचे प्रकरण निराळे आहे. दहा पारमितांत दान पहिले. आपल्या भूमीतील त्याचा पुरावा पाहायचा तर नाशिकच्या लेण्यांत जावे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या तेथील शिलालेखात तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे मुद्दल कायम ठेवावयाची ठेव, नोंदलेली आहे. त्यांपैकी दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेविले. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित मी नेहमी घालतो. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशोब चोख जुळतो. याच उषवदाताने ब्राह्मणांना गायी व गावे दिल्याचेही तेथे कोरलेले आहे. इतिहास सोयीपुरता वाचू नये. मुद्दा असा की त्या काळचे दान सर्वांना वाचता येईल असे दगडावर लिहिले जाई आणि त्याची व्यवस्था कारागिरांच्या हाती असे. कार्ल्याच्या लेण्यात तर धेनुकाकटचा सुतार आणि गंधी यांची नावेही दाते म्हणून आहेत. ‘देयधम्म’ हा त्या लेखांतील शब्द कोणी पावतीवर पुन्हा आणला तर मला आनंदच होईल.

‘भिक्षा’ आणि ‘भीक’ हे मूळचे एकच शब्द. वाटेत त्यांची फारकत झाली. भिक्खू पात्र घेऊन दारापुढे मूक उभा राहतो, तोंडाने मागत नाही. भीक मागणाऱ्याला आपले दैन्य दाखवावे लागते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या आवाहनपत्रकावर फाटक्या सदऱ्यातील मुलाचे छायाचित्र नावासकट छापलेले मी पाहिले. त्या मुलाने पुढे ते पत्रक घरच्या पेटीत ठेवले असेल की फाडून टाकले असेल, हा प्रश्न मनातून जात नाही.

आपल्या चळवळीचा खरा शब्द ‘वर्गणी’. विदर्भात ‘चंदा’ म्हणतात, अर्थ तोच. वर्गणीत वाटा असतो, आणि वाटा देणाऱ्याला हिशोब विचारण्याचा अधिकार असतो. भाऊराव पाटलांच्या ‘मुष्टिफंडा’त घरोघरचे मूठभर धान्य येई. अर्धा संस्कृत, अर्धा इंग्रजी असा हा शब्द व्याकरणाला रुचणार नाही. पण त्या मुठीवर वसतिगृहातली मुले जेवली. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली व दुसऱ्याच वर्षी सोलापुरात तिचे वसतिगृह उघडले. त्या सभेने स्वतःला ‘हितकारिणी’ म्हटले, ‘दयाकारिणी’ म्हटले नाही.

आता माणसे जमण्याचे शब्द. माणगाव १९२० आणि महाड १९२७, दोन्ही ‘परिषद’. परिषदेत ठराव होतात, केवळ भाषणे ऐकून लोक परतत नाहीत. ‘जलसा’ मूळचा अरबी, अर्थ बैठक. सत्यशोधकांनी आणि नंतर आंबेडकरी शाहिरांनी तमाशाचा बाज घेऊन त्यातून प्रबोधन केले. भीमराव कर्डकांचा जलसा ऐकायला तिकिटाची ऐपत लागत नसे. ‘मेळावा’ सैल शब्द आहे, पण त्यात उच्चनीच नाही. ‘पंगत’ या शब्दाला मात्र कोण कोठे बसला याची जुनी आठवण चिकटलेली आहे. म्हणून आपल्या पत्रिकांत ‘सहभोजन’ किंवा ‘भोजनदान’ येते. मृत्यूनंतरच्या कार्यक्रमाच्या पत्रिकांवर ‘पुण्यानुमोदन’ हा उत्तम शब्द असूनही शेजारी ‘जलदान विधी’ छापला जातो. याचा विचार घराघरांत व्हावा.

‘चॅरिटी’ला मराठी प्रतिशब्द कायद्याने दिलेला आहे : धर्मादाय. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्था धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब सादर करतात, तशी आपलीही करते. कार्यालयापुरता तो शब्द ठीक आहे. पत्रिकेवर तो नको, आणि ‘शो’ तर नकोच. नाटकाच्या तिकिटावर पूर्वी ‘अमुक संस्थेच्या साहाय्यार्थ’ असे छापीत. त्यात संस्थेचे नाव येई, कोणाच्या मुलांचे दारिद्र्य येत नसे.

माझी सूचना साधी आहे. पत्रिकेवर ‘वसतिगृह इमारत निधी : माजी विद्यार्थ्यांचा मेळावा व जलसा’ एवढे छापावे. ‘गरीब’, ‘निराधार’ हे शब्द गाळावेत. ज्यांच्यासाठी खोल्या बांधायच्या त्यांना ‘विद्यार्थी’ म्हणावे. पावतीवर माजी विद्यार्थ्यांसाठी ‘वर्गणी’ आणि बाहेरच्या हितचिंतकांसाठी ‘देणगी’ असे दोन रकाने असावेत. स्मरणिकेत नावे रकमेच्या क्रमाने न छापता गावांच्या अकारविल्हे क्रमाने छापावीत. शंभर रुपये देणारी एखादी आई आणि लाख देणारा अधिकारी एकाच गावचे असतील, तर त्यांची नावे एकाखाली एक येतील. मसुदा अद्याप छापखान्यात गेलेला नाही. सूचना असल्यास कार्यालयात लेखी द्याव्यात.