दुकाने दोन, संगणक तीन, सेटिंग मात्र एक

वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथे लग्नपत्रिका व बिलबुके छापणाऱ्या आपल्या बांधवांकडे आता एकाहून अधिक संगणक असतात. एक दुकानात, एक घरी, एक शाखेत. फॉन्ट, कळफलक, कागदाचा आकार प्रत्येकावर निराळा. मालाची मोजदाद आपण ठेवतो, या सेटिंगची मात्र ठेवत नाही.

आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. निकाहच्या ४०० पत्रिका होत्या. वर्ध्याच्या संगणकावर गिऱ्हाइकाने नमुना पसंत केला, छपाई हिंगणघाटला. तेथे तो फॉन्ट नव्हता. कोरल ड्रॉने विचारणा केली, तेव्हा मुलाने घाईत दुसरा फॉन्ट निवडला. अक्षरे रुंद झाली, शेवटची ओळ चौकटीत मावली नाही व छापलीच गेली नाही. तीच ओळ निकाहच्या ठिकाणाची! सर्व पत्रिका आम्ही पदरमोड करून पुन्हा छापल्या. चूक मुलाची नव्हती, आमच्या व्यवस्थेची होती.

त्यानंतर आम्ही पुढील रीत ठेवली आहे.

१) 'दुकानाचे सेटिंग' नावाचा एकच फोल्डर. त्यात फॉन्ट, वर्डची 'नॉर्मल' टेम्प्लेट, नावागावांची शब्दसूची, कोरलचा निर्यात केलेला वर्कस्पेस. उर्दूसाठी इनपेजमध्ये कोणता कळफलक निवडला, तेही साध्या फाईलमध्ये लिहिलेले. विकत घेतलेला फॉन्ट परवान्यात असतील तितक्याच संगणकांवर घालावा.

२) बदल फक्त दुकानाच्या संगणकावर करायचा, तेथून इतरांवर उतरवायचा. दोन्हीकडे बदल केले की मागाहूनची प्रत आधीचे काम पुसते. फोल्डरच्या नावात तारीख घालावी व जुने तीन फोल्डर जपावेत.

३) त्या त्या संगणकापुरते असेल ते वेगळे ठेवावे. प्रिंटरचे नाव तसेच. टॅलीच्या 'टॅली.आयएनआय' फाईलमध्ये हिशेब कोठे साठवला तो मार्ग असतो. ती जशीच्या तशी उचलली, तर दुसरा संगणक तेथे नसलेल्या जागी हिशेब शोधत बसतो.

४) पासवर्ड या फोल्डरात कधीही नको. पेन ड्राइव्ह हरवतो.

५) सेटिंग उतरवल्यावर प्रत्येक ठिकाणी एकच नमुना छापून कागद एकावर एक धरून उजेडात पाहावेत. छपाईला फाईल पाठवताना अक्षरे कर्व्हमध्ये बदलावीत.

प्रोग्रामर मंडळीही असेच करतात. युनिक्सवर त्यांचे सेटिंग टिंबाने सुरू होणाऱ्या नावांच्या साध्या फाइलींत असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेल्या 'गिट'मध्ये ते अनेकजण ठेवतात. कोणता बदल कधी व का केला याची नोंद राहते, मागेही जाता येते. आपल्याला त्यासाठी एक वही पुरे: तारीख, बदल, करणाऱ्याची सही.

या शुक्रवारी दुकान उघडण्यापूर्वी तासभर काढा आणि वहीचे पहिले पान लिहा. एका चुकलेल्या ऑर्डरपेक्षा तो तास स्वस्त पडेल.