मुलांचे अकाली वयात येणे : पालक व हितचिंतकांसाठी काही माहिती

दुसरीत शिकणाऱ्या मुलीच्या छातीत गाठ लागते आणि आई घाबरून जाते. काही दिवसांनी पाळीही आली, तर ‘पोर लवकर मोठी झाली’ एवढे म्हणून घरातील वडीलधारी माणसे विषय झाकून टाकतात. दर्यापूर, अंजनगाव, अकोट वा बाळापूरहून असे मूल अमरावती-अकोल्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत वर्ष-सहा महिने सहज निघून जातात. या विकारात गेलेला काळ परत मिळत नाही. म्हणूनच या विषयाची ओळख येथे करून देत आहोत.

अकाली केव्हा म्हणावे?

मुलीच्या स्तनांची वाढ ८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, अथवा मुलाच्या वृषणांची वाढ ९ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सुरू झाली, तर ते अकाली वयात येणे होय. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाकडून संदेश मिळू लागले की पियुषिका ग्रंथी बीजकोशांना किंवा वृषणांना कार्यप्रवृत्त करते. हे संदेश वेळेआधी सुरू होणे, हे मुलींमधील नेहमीचे कारण आहे. बहुतेक मुलींत त्यामागे दुसरा कोणताही रोग सापडत नाही. मुलग्यांत मात्र मेंदूतील गाठ किंवा अन्य दोष आढळण्याचा संभव बराच अधिक असतो. क्षयजन्य मेंदूज्वर होऊन गेलेला असणे, थायरॉईडची कमतरता, अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात विकार हीही कारणे असू शकतात. त्यामुळे मुलगे व ६ वर्षांखालील मुली यांच्या बाबतीत डॉक्टर मेंदूचा एमआरआय सुचवतात, तेव्हा तो टाळू नये.

उंचीची फसवणूक

अशी मुले आरंभी भराभर उंच होतात. आईवडिलांना कौतुक वाटते. परंतु ज्या संप्रेरकांमुळे उंची झपाट्याने वाढते, त्यांच्यामुळेच हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या लवकर बंद होतात. वर्गात सर्वांत उंच असलेले मूल मोठेपणी ठेंगणे राहते, ते यामुळे. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय कळते. रक्ताची तपासणी, सोनोग्राफी आणि दर काही महिन्यांनी मोजलेली उंची यांवरून निदान पक्के होते.

उपचार

प्रत्येक मुलीला औषध लागतेच असे नाही. सातव्या-आठव्या वर्षी सुरू झालेला व संथपणे पुढे जाणारा बदल अनेकदा केवळ नजरेखाली ठेवला तरी पुरतो. बदल वेगाने होत असतील, तर ल्यूप्रोलाईड किंवा ट्रिप्टोरेलिन यांचे इंजेक्शन दरमहा अथवा दर तीन महिन्यांनी दिले जाते. त्याने मेंदूचा संदेश तात्पुरता थांबतो. योग्य वयात, मुलींत साधारणतः अकराव्या वर्षाच्या सुमारास, इंजेक्शन बंद केले की वयात येणे पुन्हा स्वाभाविकपणे सुरू होते. हा उपचार कित्येकदा काही वर्षे चालतो. मध्येच हप्ता चुकला की परिणाम ओसरू लागतो.

दोष कोणाचा?

दुधासाठी म्हशींना टोचल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनमुळे असे होते, ही समजूत सर्वत्र आहे. परंतु ते पोटात पचून जाते व त्याने मुली लवकर वयात येतात हे सिद्ध झालेले नाही. वाढते वजन मात्र मुलींमध्ये एक कारण ठरू शकते. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशा मुलींची संख्या वाढल्याचे पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातील तज्ज्ञांनी नोंदविले आहे. याची दुसरी बाजूही आहे. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या मुलींना ११.६ वर्षांच्या आतच पाळी आली होती; सर्वांत लहान मुलगी ७.३ वर्षांची होती. बालपणीच्या कुपोषणानंतर झालेली झपाट्याची वाढ हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. मेळघाटातील कुपोषण आणि शहरांतील स्थूलता ही दोन्ही ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे हे ध्यानी घेण्याजोगे आहे. अर्थात यावरून मुलांना कमी खाऊ घालावे असा अर्थ कोणीही काढू नये. वजन व उंची यांची नियमित नोंद ठेवावी, एवढाच त्याचा बोध.

मूल हे मूलच

शरीर मोठे दिसले तरी मन सात-आठ वर्षांचेच असते. अशा मुलीला पाळीची माहिती आईने शांतपणे, साध्या शब्दांत द्यावी. शाळेतील बाईंना विश्वासात घ्यावे. तिच्याकडून थोरांसारख्या वागण्याची अपेक्षा करू नये आणि तिच्या सुरक्षिततेकडे विशेष लक्ष द्यावे. न्हाण आले म्हणजे लग्नाचे वय झाले, ही समजूत तर मुळातच सोडावी. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यान्वये मुलीच्या विवाहाचे किमान वय १८ वर्षे आहे. पाळी कधी आली याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

पालकांना विनंती, की शाळा-अंगणवाडीतील तपासणीत नोंदलेली उंची व वजन जपून ठेवावे आणि वर सांगितलेले लक्षण दिसताच त्या नोंदींसह बालरोगतज्ज्ञांची भेट घ्यावी. दात्यांना हेच सुचवावेसे वाटते, की ज्या घरात मजुरीवर चूल पेटते तेथे पहिले इंजेक्शन कसेबसे होते, पण दहावे होत नाही. अशा मुलांना मदत द्यावयाची, तर ती उपचार पूर्ण होईपर्यंत पुरणारी असावी.