जुना लॅपटॉप कसा पारखावा



बैल विकत घेतांना आपल्या जव्हार-मोखाड्याचा शेतकरी केवळ त्याच्या शिंगांचा रंग पाहत नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो आणि चार पावलें चालवून पाहतो. जुना लॅपटॉप घेतांना मात्र पुष्कळ पालक वरचें चकचकीत आवरण व किंमत एवढेंच पाहून पैसे मोजतात. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर राबून आणलेले पैसे अशा खरेदींत बुडाले, तर तें नुकसान लवकर भरून निघत नाहीं. म्हणून ही पारख मुलांनीं शिकून घ्यावी व आईवडिलांस साह्य करावें. कोणता दोष थोडक्या खर्चांत दूर होतो व कोणता होत नाहीं, हें ओळखणें हेंच या पारखीचें मर्म होय.

प्रथम यंत्राचें वय पाहावें. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चें नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविलें. विंडोज ११ साठीं इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील लागतो. ही पिढी २०१७ सालीं निघाली. प्रोसेसरच्या नांवांतील अंकांवरून ती कळते: आय५-६३००यू हा सहाव्या पिढीचा, आय५-८२५०यू हा आठव्या. सहाव्या पिढीच्या यंत्रावर विंडोज ११ दिसल्यास तें नियम डावलून बसविलेलें समजावें. अशा यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून अभ्यास करतां येतो. परंतु किंमत त्या मानानेंच द्यावी.

दुसरी बॅटरी. पावसाळ्यांत वीज गेली कीं तिचाच आधार असतो. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढतां येतो. त्यांत मूळ क्षमता ५०,००० मिलिवॅट-तास व आतांची ३०,००० असेल, तर शेंकडा ६० शक्ति उरली असें जाणावें. मग चार्जर काढून अर्धा तास यंत्र चालवावें. तळ फुगलेला किंवा टचपॅड वर उचललेला असल्यास बॅटरी फुगलेली असूं शकते. ती आग लागण्याचें कारण होते, म्हणून तशी कदापि वापरूं नये.

तिसरी साठवणीची डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्यें ती किती तास चालली व तिची प्रकृति कशी आहे हें दिसतें. बॅटरी व डिस्क बहुतेक यंत्रांत बदलतां येतात. तो खर्च किंमतींतून वजा करून मागावा.

मदरबोर्डचा दोष मात्र महागांत पडतो. आपल्याकडील दमट हवेनें स्क्रू गंजलेले, चार्जरच्या व यूएसबीच्या खांचांत हिरवट-पांढरे डाग पडलेले, किंवा यंत्र तापून आपोआप बंद होणारें असेल, तर तें सोडून द्यावें. प्रत्येक कळ दाबून पाहावी. बिजागरी, पडदा, कॅमेरा व वायफायहि तपासावें.

शेवटीं कागद. बिलावरील अनुक्रमांक यंत्राच्या तळावरील अनुक्रमांकाशीं जुळला पाहिजे. यंत्र सुरू होतांच पूर्वीच्या मालकाचा किंवा कंपनीचा पासवर्ड मागितला जात असेल, तर तें चोरीचेंहि असूं शकेल.

इतकें पाहण्यास फार तर एक तास लागतो. तेवढा तास जो विक्रेता देत नाहीं, त्याच्या दुकानांतून रिकाम्या हातानें परतणें यांतच लाभ आहे.