टॅबचं बटण अडलं तरी हिशोब अडू नये



गटाचा टॅब चार-पाच वर्षांचा झाला की आधी कुरकुरतं ते त्याचं बटण. चालू-बंदचं बटण दहा वेळा दाबावं तेव्हा एकदा लागतं, नाहीतर आवाजाचं बटण आतच रुतून बसतं. मग कुणी म्हणतं, "टॅब गेला." कुणी म्हणतं, "तिच्याकडे होता तेव्हाच बिघडला." दोन्ही बोलणी घाईची आहेत. बटण हा टॅबचा झिजणारा भाग. रोज वापरलं की झिजणारच, त्यात लेखनिक ताईचा दोष नाही. आणि बटण बिघडलं म्हणजे टॅब बिघडला असंही नाही. घरी काय करता येतं आणि कुठे थांबायचं, ते या पाठात पाहू.

आधी हिशोब वाचवा

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आठवा: नियमित नोंदी. अ‍ॅपमध्ये भरलेली माहिती नेटवर्क मिळून वर जाईपर्यंत टॅबमध्येच असते. म्हणून बटण कुरकुरायला लागलं की पहिलं काम बटणाचं नाही, नोंदींचं. टॅब चालू असेपर्यंत नेटवर्कमध्ये जा, राहिलेल्या नोंदी सिंक करा. फोटो, ठरावाची छायाचित्रं दुसरीकडे घ्या. बचत आणि परतफेडीचे आकडे कागदी वहीशी जुळवा.

चालू-बंदचं बटण कधी लागतं कधी नाही, अशी गत असेल तर टॅब पूर्ण बंद करू नका. एकदा बंद झाला की परत सुरू करायला तेच बटण लागतं. चार्जिंगही उतरू देऊ नका.

बटणाचंच दुखणं आहे ना?

बटणाच्या आत काय असतं? बाहेर दिसते ती नुसती प्लास्टिकची टोपी. तिच्याखाली तांदळाच्या दाण्याएवढा स्विच आणि त्यात धातूची बारीक फुगीर चकती. डब्याचं पातळ झाकण मधोमध दाबलं की 'टक' करून आत जातं आणि सोडलं की वर येतं, तसंच हे. चकती खाली टेकली की वीज जोडली जाते.

म्हणून आधी हे पाहा:

१. टॅबचं कव्हर काढा. जुनं, वाकडं झालेलं कव्हर बटण दाबून धरतं. कितीदा तरी दुखणं इथेच संपतं.

२. चार्जरला लावून अर्धा-पाऊण तास थांबा. बॅटरी पार उतरली असेल तर बटण चांगलं असूनही टॅब लगेच जागा होत नाही.

३. टॅब अडकून पडला असेल तर चालू-बंदचं बटण सलग २०-३० सेकंद दाबून धरा. काही टॅबमध्ये त्यासोबत आवाज कमी करायचं बटणही धरावं लागतं.

४. कान देऊन दाबा. 'टक' लागत नसेल तर टोपी सरकली आहे किंवा स्विच आत बसला आहे. 'टक' लागतं पण काम होत नाही, तर आत घाण आहे किंवा जोडणी सुटली आहे.

५. हात न लावता आवाजाची पट्टी पडद्यावर येत असेल तर आवाजाचं बटण रुतलंय. अशा वेळी टॅब सुरू करताना बऱ्याच अँड्रॉईड टॅबमध्ये कोपऱ्यात 'सेफ मोड' असं दिसतं आणि आपली अ‍ॅप गायब झाल्यासारखी वाटतात. घाबरू नका, ती गेलेली नसतात. बटण मोकळं करून टॅब परत सुरू केला की दिसतात.

एक मात्र जपा. कधी काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची यादी येते. तिथे आवाजाच्या बटणाने ओळ बदलते आणि चालू-बंदच्या बटणाने ती निवडली जाते. त्या यादीत 'वाइप डेटा' किंवा 'फॅक्टरी रीसेट' अशी ओळ असते. ती निवडली गेली तर टॅबमधलं सगळं पुसलं जातं. बटण रुतलेलं असताना ओळ आपोआप सरकू शकते, म्हणून या यादीत काही दाबत बसू नका. टॅब तसाच ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

घरी करायची सफाई

पीठ, मसाला, तेलकट बोटं, घाम आणि रस्त्याची धूळ हे सगळं बटणाच्या फटीत बसतं. पापड-मसाल्याचं काम चालतं तिथे तर जास्तच.

टॅब बंद करता येत असेल तर बंद करा. येत नसेल तर निदान चार्जर काढा. मऊ, कोरडा, नवा दात घासायचा ब्रश घ्या. बटण खालच्या बाजूला येईल असा टॅब धरा आणि फटीतून हलक्या हाताने ब्रश फिरवा, म्हणजे धूळ आत न जाता बाहेर पडेल. चिकट कड लाकडी टूथपिकने अलगद सोडवा. साडीची पिन, सुई, सुरी नको.

एवढ्याने भागलं नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मोबाईल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे 'आयपीए' म्हणून मागा. कान साफ करायच्या कापूसकाडीला थोडंसं लावा, थेंब ओघळेल एवढं नाही. बटणाच्या कडेने फिरवा, मग बटण २०-३० वेळा दाबा-सोडा. अर्धा तास वाळू द्या. हे द्रव पटकन पेट घेतं, म्हणून चूल, गॅस, दिवा यांच्यापासून लांब, हवेशीर जागी काम करा.

हे मात्र वापरू नका: पाणी, खोबरेल तेल, रॉकेल, नेलपॉलिश काढायचं द्रव, हात धुवायचं सॅनिटायझर. तेलाने आणखी धूळ चिकटते, नेलपॉलिशच्या द्रवाने प्लास्टिक विरघळतं, सॅनिटायझरचा चिकटपणा मागे राहतो. तोंडाने फुंकर घालू नका, वाफेचा ओलावा आत जातो.

बटणाचं काम पडद्यावर

सफाईने फरक पडला नाही तरी काम थांबवायची गरज नाही. अँड्रॉईड ९ आणि त्यापुढच्या टॅबमध्ये सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी हा भाग उघडा आणि 'अ‍ॅक्सेसिबिलिटी मेनू' चालू करा. सॅमसंगच्या टॅबमध्ये याला 'असिस्टंट मेनू' म्हणतात. पडद्यावर एक छोटं चिन्ह येतं. ते दाबलं की आवाज कमी-जास्त करणं, पडदा बंद करणं, टॅब बंद करणं असे पर्याय बोटाखाली येतात. झोपलेला पडदा जागा करायला चार्जर लावून पाहा. काही टॅब पडद्यावर दोनदा टिचकी मारल्यानेही जागे होतात.

इथे हात थांबवा

टॅबची पाठ फुगली असेल, पडदा कडेने उचलला असेल, तर तो बॅटरीचा प्रश्न आहे. फुगलेली बॅटरी आतून रेटते, त्यामुळेही बटण अडतं. असा टॅब दाबू नका, चार्जिंगला लावू नका, उघडू नका. बॅटरीला टोक लागलं तर आग लागू शकते. मुलांपासून आणि जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला कळवा.

बॅटरी ठीक असली तरी गटाचा किंवा योजनेचा टॅब घरी खोलू नका. वॉरंटी असेल तर खोलल्यावर ती जाते, आणि आतली पातळ पट्टी ओढली गेली की छोटं काम मोठं होतं.

दुकानात देताना

टॅब गटाचा आहे, म्हणून निर्णयही गटाचा. बैठकीत विषय घ्या, खर्चाची मर्यादा ठरवा, कार्यवृत्तात लिहा. देण्याआधी सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्या. अ‍ॅपमधून लॉगआउट करा. पिन आणि ओटीपी कुणाला सांगू नका. बटण तपासायला कुलूप उघडावं लागलंच तर तुम्ही समोर उभं राहून उघडा. काम करण्याआधी भाव विचारा, "नुसतं बटण बदलायचं, रीसेट मारायचं नाही" हे स्पष्ट सांगा आणि पक्की पावती घ्या. रीसेट केल्याने तुटलेलं बटण सुधारत नाही.

पुढच्या बैठकीत करून पाहा

१. कव्हर काढून गटाच्या टॅबचं प्रत्येक बटण एकेक जणीने दाबून पाहा. 'टक' लागतं का?

२. शेवटचं सिंक कधी झालं? तारीख वहीत लिहा.

३. अ‍ॅक्सेसिबिलिटी मेनू आत्ताच चालू करून ठेवा. बटण पुरतं गेल्यावर तिथपर्यंत पोचणं अवघड जातं.

४. लेखनिक ताईशिवाय आणखी दोघींना हे सगळं करता यायला हवं. त्यांची नावं ठरवा आणि पुढच्या महिन्याची सफाई त्यांच्याकडून करून घ्या.