क्रीडापटू रुग्ण आणि कुचला

पॉवरलिफ्टिंग करणारा तरुण कटिशूल घेऊन आल्यास विषतिंदुक वटी देण्यापूर्वी स्पर्धेची तारीख विचारावी, असे आम्ही सुचवितो. कुचल्यातील स्ट्रिक्निन ‘वाडा’च्या यादीत स्पर्धाकाळात निषिद्ध आहे, शोधनाने ते घटते, नाहीसे होत नाही. अग्नितुंडी वटीतही कुचला आहेच. याच द्रव्यापायी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये किर्गिझस्तानचा भारोत्तोलक इझ्झत आर्तिकोव्ह याने कांस्यपदक गमावले.

‘वैद्यांनी दिले’ एवढ्याने सुटका नाही. नमुन्यात सापडेल त्यास खेळाडूच उत्तरदायी. तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या नरसिंग यादव यांनी घातपाताचा दावा केला, तरी स्टेरॉइडप्रकरणी २०१६ मध्ये क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. स्ट्रिक्निनबाबत हेतू सिद्ध न झाल्यास शिक्षा दोन वर्षे, दोष अल्प ठरल्यास ताकिदीपर्यंतही उतरते. त्यासाठी पुरावा लागतो. म्हणून चिठ्ठीवर घटकद्रव्ये लिहावीत. यवतमाळ, पुसद, वणीच्या औषधी विक्रेत्यांनीही व्यायामशाळेतील गिऱ्हाइकास बिननावाची पुडी देऊ नये.